दारी आलेली म्हातारी

मार्गशीर्ष लागला की गुरुवारी सकाळी घरोघरी चौरंग मांडले जातात. तांदळाच्या राशीवर कलश, कलशात आंब्याच्या डहाळ्या, वर श्रीफळ, समोर धूपदीप. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व मासांमध्ये आपण मार्गशीर्ष आहोत असे सांगितले आहे आणि या दिवसांतील हवेचा निर्मळ गारवा अनुभवला की त्या वचनाचे मर्म थोडेफार उमगते. पोथी वाचणाऱ्याने चित्त शांत व प्रसन्न ठेवावे असे सांगितलेले असते. आता गृहिणीला पहाटेपासून स्वयंपाक, सायंकाळी सवाष्णी, मध्ये कचेरीची वेळ आणि हाताशी सतत खणखणणारा मोबाईल, इतक्या गडबडीत चित्त शांत कसे ठेवावे, याचे उत्तर मात्र पोथीने ज्याच्या त्याच्यावर सोपविलेले दिसते. ते उत्तर पोथीतल्या कथेतच आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

कथा सर्वांना पाठ आहे. भद्रश्रवा राजाच्या वाड्यापाशी श्रीमहालक्ष्मी एका म्हातारीच्या रूपाने येते. अंगावर फाटके लुगडे, हातात काठी. तिचे म्हणणे ऐकून घेते ती राणी नव्हे, तर दासी. राणी सुरतचंद्रिका ऐश्वर्याच्या धुंदीत बाहेर येते आणि म्हातारीचा अपमान करून तिला हाकलून देते. राजकन्या शामबाला मात्र तिची क्षमा मागते. पुढे राज्य जाते, दारिद्र्य येते, शामबालेने दिलेल्या धनाच्या हंड्यात कोळसे निघतात, हा सारा भाग आपण रंगून वाचतो. परंतु राणीची परीक्षा कोठे झाली? देवघरात नव्हे, दारात झाली. तिच्या पूजेत काही उणे राहिले असे कथा कोठेही म्हणत नाही.

योगायोग असा की, बहुधा याच दिवसांत आपले ख्रिस्ती शेजारी ‘आगमनकाळ’ पाळतात. वसई किंवा गोव्याकडे ज्यांचे स्नेहसंबंध आहेत त्यांना तो परिचित असेल. नाताळापूर्वीचे चार रविवार हिरव्या पानांच्या चक्रात दर आठवड्यास एकेक मेणबत्ती वाढत्या क्रमाने लावावयाची आणि मन आवरून वाट पाहावयाची. त्यांच्या कथेतही शेवटी एक दारच येते. बेथलेहेमात आलेल्या गर्भवती मरियेला आणि योसेफाला उतारशाळेत जागा मिळत नाही व बालक गोठ्यातील गव्हाणीत निजविले जाते. मेक्सिको देशात १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री लोक मिरवणुकीने घरोघर जाऊन गाण्यातून आसरा मागतात. आतले लोक आधी गाण्यातूनच नकार देतात, मग दार उघडते आणि खाणेपिणे होते. नकार देण्याचा भागसुद्धा ती माणसे दरवर्षी आपल्या तोंडाने म्हणतात, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. आपण राणीचे शब्द वाचतो खरे, पण ते दुसऱ्या कोणाचे तरी आहेत अशा थाटात.

वास्तविक आज आपल्या दारी कोण येते? चार जिने चढून आलेला पार्सलवाला पोरगा. त्याला पाणी विचारणारी घरे किती? अनेक इमारतींत फेरीवाल्यांना मज्जावाची पाटी असते आणि कामवाल्या बाईंचा पेला निराळा ठेवलेला असतो. त्याच घरात गुरुवारी सायंकाळी दासीची गोष्ट भक्तिभावाने वाचली जाते.

शेवटच्या गुरुवारच्या हळदीकुंकवाचे तर स्पष्टच बोलावयास हवे. सवाष्णींची यादी करताना त्याच मजल्यावरच्या, कालपर्यंत आपल्यात बसणाऱ्या एखाद्या भगिनीचे नाव पती निवर्तल्यामुळे गळते, आणि ते कोणी मुद्दाम गाळले असेही नसते, हेच अधिक दुःखाचे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. गावाने ठराव करावा हे उत्तम. पण आपल्या यादीसाठी ग्रामसभा कशास हवी? रूढीचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनी ती कथा पुन्हा एकदा वाचावी एवढेच आम्ही म्हणू.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? गेल्या मार्गशीर्षातील तिसऱ्या गुरुवारी पोथी चालू असता आमच्या दाराची कडी वाजली. फुलांच्या पुड्या देणारी म्हातारी होती. आम्ही आतूनच ‘पोथी चालली आहे, नंतर या’ असे सांगितले आणि पुढे वाचू लागलो. काठीचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. त्यानंतर वाचनात मन लागले नाही. पूजा यथासांग झाली, आरती झाली, प्रसाद वाटला. शांती तेवढी आली नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही मुद्दाम तिला हळदीकुंकवास बोलावले. ती आली, पण उंबरठ्याशीच थांबली. ‘कपाळ मोकळं आहे माझं, बाई. आत कशी येऊ?’ घरात क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग आमच्याकडील सर्वांत वडील बाई उठल्या, त्यांनी स्वतःच्या शेजारी पाट मांडला आणि तिला हाताला धरून बसविले. जमलेल्यांपैकी दोघीजणी ओटी न घेताच लवकर निघून गेल्या. म्हातारीने सावकाश खीर संपविली, वाटी बाजूला ठेवली, आणि मागल्या गुरुवारच्या पुडीचे पैसे मागितले. त्या दिवशी ती त्यासाठीच आली होती.