वाघनखे दिल्लीत आणा, पण पाटी खरी लावा



लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. आधी साताऱ्यात मांडली, मग नागपुरात. परत जाण्यापूर्वी ती जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयातही यावीत. १९५४ नंतर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा दिल्लीत भरायला २०२५ उजाडले. वाघनखांसाठी तेवढी वाट पाहायला लावू नये. नोएडा-गुरुग्रामात वाढणाऱ्या मराठी मुलांना अफझलखानाच्या वधाचा प्रतापगड दूर पडतो.

मात्र एक अट आहे. पाटीवर ‘शिवरायांनी अफझलखानावर चालवलेली वाघनखे’ असे ठोकून देऊ नये. हीच ती वाघनखे, याची खात्री देता येत नाही, असे खुद्द लंडनचे संग्रहालय सांगते. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनीही हा मुद्दा लावून धरला, तर त्यांच्यावरच टीकेची झोड उठली.

या दाव्याचा मुख्य आधार म्हणजे वाघनखांच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर. साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला ही वस्तू पेशव्यांच्या प्रधानाने दिली आणि शिवाजीने तिने ‘मोगल’ सेनापतीला मारले, असे तो मजकूर सांगतो. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतले पोरही सांगेल! शिवाय डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात होता. तेव्हा पेशवाई बुडाली होती आणि साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते. १९७१ मध्ये डफच्या वंशजाने ही वस्तू संग्रहालयाला दिली. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. तिथपासून डफच्या हाती येईपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे ती कुठे होती, याचा कागद कोणी दाखवलेला नाही.

‘शंका घेता म्हणजे महाराजांचा अपमान करता’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. प्रतापगडचा पराक्रम या पोलादी तुकड्यावर टिकून आहे का? राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत वाघनखही आहे आणि बिचवाही. उद्या ही वाघनखे दुसऱ्याच कुणाची ठरली, तरी त्यातले अक्षरही बदलत नाही. मूठभर पोलाद पंज्यात दडवून भेटीला जाण्याची वेळ का आली, समोरच्याचा दगा आधीच कसा ओळखला, हे मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते सोडून आपण ‘अस्सल’ या शिक्क्यासाठी भांडत बसतो. हे शस्त्र बोटांत कसे बसते, हेही प्रदर्शनात वाघनखांच्या काचेशेजारी चित्रातून दाखवता येईल.

राज्य सरकारने लंडनशी बोलून दिल्लीसाठी निदान महिनाभराची परवानगी मिळवावी. पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असावी. तिच्यावर डफचे नाव, पेटीवरच्या मजकुरातली चूक आणि संग्रहालयाची ‘खात्री नाही’ ही कबुली ठळक अक्षरांत छापावी.

– एक वाचक, नोएडा