पडला की पाडला?

मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ अशी दोन क्रियापदे आहेत. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. गेली कित्येक वर्षे मी ती वर्गात शिकवीत आलो आहे. ‘फुटणे-फोडणे’, ‘तुटणे-तोडणे’, ‘पडणे-पाडणे’ अशा जोड्या फळ्यावर लिहिल्या की शेवटच्या बाकावरची मंडळी जांभया देऊ लागतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. कारण या जोड्यांचे खरे शिक्षण वर्गात होतच नाही. ते घरात होते. माझ्या हातून कप खाली गेला, तर ‘कप पडला’. तोच सौभाग्यवतीच्या हातून गेला, तर ‘तू कप पाडलास’. आणि चिरंजीवांच्या हातून गेला, तर ‘फोडलास ना शेवटी!’ कप तोच, फरशी तीच, गुरुत्वाकर्षणही तेच. बदलते ते फक्त क्रियापद. वाचकांनी चार दिवस आपापल्या घरात कान उघडे ठेवून पाहावे. घरातला कर्ता पुरुष व्याकरणातला कर्ता व्हायला मात्र सहसा तयार नसतो, असे त्यांच्या ध्यानात येईल.

हे व्याकरण मला नव्याने शिकावे लागले ते गेल्या दिवाळीत, एका कॅमेऱ्यापायी.

2011 साली थकबाकीचा एक हप्ता अचानक माझ्या हाती पडला (हे ‘पडणे’ मात्र सुखाचे!) आणि त्या उत्साहात मी मुठीत मावेल एवढा एक डिजिटल कॅमेरा घेतला. बटण दाबले की गोगलगायीने शिंगे बाहेर काढावी तसे त्याचे भिंग हळूच बाहेर येते, आणि काम झाले की आत जाते. पहिले कित्येक दिवस मी फोटो न काढता नुसते ते भिंगच आतबाहेर करीत बसलो होतो. त्या सुमारास साऱ्या जगालाच या कॅमेऱ्याचे वेड होते. 2010 साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. 2023 साली हा आकडा एका कोटीच्याही खाली उतरला. मधल्या काळात कॅमेरा मोबाइलमध्ये जाऊन बसला. आमची मुले माझ्या कॅमेऱ्याकडे, आपण अडकित्त्याकडे पाहतो तशी पाहतात. पण मी हट्टी आहे. फोन हा बोलण्यासाठी आणि कॅमेरा हा फोटोसाठी, असे माझे साधे वर्णाश्रम आहे.

या कॅमेऱ्याचा मूळपुरुष 1975 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत जन्मला. स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअराने तो बनवला. त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर होते, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. तो पडता, तर कॅमेऱ्याऐवजी पायाचा अंगठाच दुरुस्तीला न्यावा लागता.

आमच्या घरात कॅमेऱ्याची परंपरा माझ्या वडिलांपासूनची. त्यांच्याजवळ बडोद्यात तयार झालेला ‘आग्फा क्लिक थ्री’ होता. एका फिल्मवर बारा फोटो निघत, आणि ते बारा फोटो वडील वर्षभर पुरवीत. तो कॅमेरा एकदा टांग्यातून रस्त्यावर पडला होता. वडिलांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुढचा फोटो काढला. त्याला हात लावण्याचा अधिकार मात्र घरात कुणालाच नव्हता. आम्ही रांगेत उभे राहायचे, आईने पदर सारखा करायचा आणि वडिलांनी ‘हलू नका’ म्हणायचे. याचा परिणाम काय झाला, ते 2014 साली वडील गेले तेव्हा आम्हांला कळले. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधू लागलो, तर तो मिळेना. साऱ्या अल्बमभर आम्ही होतो. ते कुठेच नव्हते. अखेर त्यांच्या कचेरीतल्या निरोपसमारंभाचा एक फोटो सापडला. त्यातून त्यांचा चेहरा तेवढा मोठा करून घेतला. आजही त्या तसबिरीत वडिलांच्या कानाशेजारी कुणा अनोळखी गृहस्थाचा खांदा आहे. आई रोज त्या तसबिरीला हार घालते. खांद्यालाही त्यात वाटा मिळतो.

तर गेल्या वर्षीच्या वसुबारसेची संध्याकाळ. गॅलरीत स्टुलावर उभा राहून मी आकाशकंदील टांगत होतो. दोरी दातांत, वायर हातात आणि लक्ष वर. एवढ्यात पाठीमागे ‘टक्’ असा आवाज झाला. वळून पाहतो, तो कॅमेरा फरशीवर आणि शेजारी आई उभी.

‘पाडलास ना!’ मी स्टुलावरूनच ओरडलो. ‘आई, तुला कुणी सांगितलं होतं त्याला हात लावायला?’

आई काही बोलली नाही. तिने दोन्ही हात पदराला पुसले, जणू ते ओले होते, आणि ती आत निघून गेली.

मी कॅमेरा उचलला. भिंग बाहेर आलेले, किंचित वाकडे. चालू करून पाहिला, तर ‘घर्र घर्र’ असा आवाज झाला, पडद्यावर भिंगात बिघाड असल्याची सूचना उमटली आणि तो बंद पडला. पुन्हा चालू केला. पुन्हा घर्र घर्र. मग घरात सल्लागारांचे मंडळच बसले. शेजारचे काका म्हणाले, ‘तांदळाच्या डब्यात ठेवा.’ पडलेल्या वस्तूला तांदळाचा काय उपयोग, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘अपाय तर नाही ना?’ मेहुण्यांचे मत, उलट्या बाजूने हलकेच आपटावा, म्हणजे सरळ होईल. चिरंजीव तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेच होते. या गडबडीत आईची आठवण कुणाला झाली नाही.

ती मला झाली दुसऱ्या दिवशी. चकल्यांचा सोऱ्या दरवर्षी आईच्या हाती असतो. यंदा ती म्हणाली, ‘सूनबाई, तूच फिरव. माझ्या हातून काही व्हायचं.’ संध्याकाळी पणत्या लावायची वेळ आली. ‘तूच लाव बाई, माझ्या हातून तेल सांडेल.’ काचेच्या पेल्यातून पाणी दिले, तर तिने स्टीलचे भांडे मागितले. शहात्तर वर्षांच्या बाईने आपले दोन हात असे मिटून घेतलेले मी पाहत होतो, आणि तिला काय बोलावे ते मला सुचत नव्हते. क्षमा मागण्याचा सराव आमच्या घराण्यात नाही.

कॅमेरा घेऊन प्रथम कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथल्या तरुणाने पाहताक्षणीच सांगितले, की याचे सुटे भाग आता येत नाहीत. मग पासोड्या विठोबाच्या आसपास, विजेच्या वस्तूंच्या गर्दीत, एका बोळकंडीवजा दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले एक गृहस्थ सापडले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि डॉक्टरासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

‘पडला तेव्हा चालू होता की बंद?’

‘भिंग बाहेर होतं, म्हणजे चालूच.’

‘पडल्यावर किती वेळा चालू केलात?’

‘चार-पाच वेळा,’ मी म्हणालो. खरा आकडा विसाच्या घरात होता.

त्यांनी डोळे मिटले. मग शांतपणे समजावून सांगितले. भिंगाच्या नळ्या एकीत एक बसलेल्या असतात. नळीला बारीक खुंट्या असतात, त्या खाचेतून सरकतात आणि नळी आतबाहेर होते. भिंग बाहेर असताना कॅमेरा पडला की खुंटी खाचेतून निसटते. आता आपण चालू करतो, तेव्हा आतली इवलीशी मोटर ती अडलेली नळी ढकलायचा प्रयत्न करते आणि प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांचे दात झिजतात, कधी मोडतात. ‘पडण्यानं जेवढं बिघडतं ना सर, त्याहून जास्त नंतरच्या खटपटीनं बिघडतं. पडला, की बॅटरी काढायची आणि हात आवरायचा. आणि घरी उघडायचा तर नाहीच. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो.’ मला स्क्रू ड्रायव्हर घेतलेले चिरंजीव आठवले आणि घाम फुटला.

त्यांनी कॅमेऱ्याच्या पोटातून नखाएवढे कार्ड काढून माझ्या हातावर ठेवले. ‘हे घेऊन जा. यात हलणारं काही नसतं, म्हणून पडण्यानं याला सहसा काही होत नाही. लोक कॅमेऱ्यासाठी हळहळतात आणि फोटो इथंच विसरून जातात. एका जुन्या कॅमेऱ्याचं भिंग बसवून बघतो. जमलं तर पैसे द्या.’

बसमध्ये बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यात घोळू लागला. कॅमेरा चालू होता. आई टेबल पुसताना तो उचलत असेल, असेच मी धरून चाललो होतो. पण पुसण्यासाठी उचललेला कॅमेरा आपले आपण भिंग बाहेर काढीत नाही.

घरी येताच कन्येने ते कार्ड संगणकात घातले. सर्वांत शेवटी तीन फोटो होते. पहिल्यात छत आणि पंख्याचे एक पाते. दुसऱ्यात नुसता तांबूस अंधार, म्हणजे भिंगावर बोट. आणि तिसऱ्यात, चांगलाच तिरपा, मी. दातांत दोरी, मान वर आणि तोंडावर आकाशकंदिलाचा उजेड. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा वेळही नोंदवून ठेवतो. पहिला फोटो 6 वाजून 12 मिनिटांचा होता, तिसरा 6 वाजून 15 मिनिटांचा. संधिवाताने वाकलेल्या बोटांनी ती तीन मिनिटे माझ्या पाठीमागे खटपट करीत होती, आणि मी एकदाही वळून पाहिले नव्हते.

‘बाबा,’ कन्या म्हणाली, ‘कार्डावर चारशे बारा फोटो आहेत. त्यांत तुम्ही फक्त या एकात आहात.’

मी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिले. वडिलांच्या कानाशेजारचा तो परका खांदा मला त्या दिवशी प्रथमच नीट दिसला.

फोटोची प्रत काढून आईला नेऊन दिली. तिने ती लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाली, ‘पाय राहिले की रे.’

‘राहू देत,’ मी म्हणालो. आणखी बरेच बोलायचे होते. पण घसा दाटून आला. मग टेबलाचा खण उघडला. मनगटात अडकवायची ती कॅमेऱ्याची पट्टी घेतल्या दिवसापासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पडली होती. ‘आई, ही पट्टी मी कधी लावलीच नाही. ती लावली असती, तर कॅमेरा खाली गेलाच नसता. तो मी पाडला.’

आई हसली. त्या रात्री पणत्या तिने लावल्या. थोडे तेल सांडले. कुणी काही म्हणाले नाही.

तुळशीच्या लग्नानंतर कॅमेरा दुरुस्त होऊन आला. भिंग बाहेर येताना अजून थोडे कुरकुरते, पण फोटो काढतो. मी पट्टी लावली, ती आईच्या मनगटात अडकवली आणि बटण दाखवले.

‘या वेळी पाय घे हं,’ मी म्हणालो. ‘स्टुलावर चढून उभा राहू का?’

‘नको रे बाबा, खालीच उभा राहा,’ ती कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली. ‘पडशील.’