सहा हेक्टरचं वैभव, अन् बाकीच्या जंगलाचं काय?



आलापल्लीच्या जंगलात सहा हेक्टरचा एक तुकडा आहे. त्याला वनवैभव म्हणतात. 1953 पासून तो तुकडा जसा आहे तसा राखून ठेवला. 2014 मध्ये सरकारनं त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. महाराष्ट्रातलं असं ते पहिलंच स्थळ. चांगली गोष्ट आहे. तिथली झाडं वाचली याचा आम्हाला आनंदच आहे.

पण सहा हेक्टर म्हणजे किती? पंधरा एकर. आपल्याकडं दोन भावांची धानाची शेती मिळून एवढी होते. तेवढ्याला वैभव म्हणायचं, अन् त्याच्या बाहेर जे हजारो हेक्टर उभं आहे त्याला कूप म्हणायचं, घनमीटरमध्ये मोजायचं. हे कोणतं राखणं झालं? आम्ही विचारतो, जंगल राखायचं आहे की जंगलाचा नमुना राखायचा आहे?

आपलं जंगल कसं आहे ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मोह आहे, चार आहे, टेंभरू आहे, ऐन, धावडा, कुसुम, हिरडा, बेहडा आहे. मधे मधे बांबूची रांजी. खाली कंद, वेली, पावसाळ्यात सात्या. आपला बारमाही बाजार हाच, अन् दवाखानाही हाच. पण खात्याच्या पुस्तकात हे मिश्र जंगल म्हणजे कमी उत्पन्नाचं जंगल. 1974 साली वनविकास महामंडळ निघालं, तेव्हापासून हाच हिशेब चालू आहे. मिश्र जंगल सरसकट कापायचं अन् तिथं सागाचं रोपवन लावायचं. एका ओळीत साग, दुसऱ्या ओळीत साग. त्याच्याखाली ना मोहफूल पडत, ना चार मिळत. अस्वलानं तिथं काय खायचं? ते मंग गावात येते, अन् पेपरात छापून येते की अस्वलाचा हल्ला.

वरून हे सगळं कागदावर जंगलच राहते. देशाच्या मोजणीत एक हेक्टर जागा असली अन् तिच्यावर दहा टक्के सावली असली की ते वनाच्छादन. मग ती सावली मोहाची असो, सागाची असो की निलगिरीची. म्हणून दरवेळी सांगतात, जंगल वाढलं. वाढलं असेल बाप्पा. पण आमच्या आजीची टोपली काहून रिकामी येते?

बिजाचं झाड घ्या. त्याला खाच मारली तर रक्तासारखा लाल चीक येते. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी साखरेच्या आजाराचे लोक पितात. आज जगात कमी होत चाललेल्या झाडांत त्याचं नाव घेतात. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, बिजा पूर्वी किती होता. दहीपळस विचारा. सर्पगंधा, सफेद मुसळी, कळलावी विचारा. ही झाडं कोणत्या नाल्याच्या काठाला होती ते बोटानं दाखवतील, अन् मंग म्हणतील, आता नाही दिसत.

आता साहेब लोक म्हणतील, तुम्हीच संपवलं. आदिवासीच जंगल तोडते, आदिवासीच आग लावते. याला उत्तर द्यायचं तर आधी आपल्या घरातलं खरं बोलावं लागेल. ते आम्ही बोलतो.

होय, चारोळीसाठी आपण फांद्या तोडल्या. फळ पिकायच्या आधी काढलं, काहून की आपण नाही काढलं तर शेजारच्या गावचा काढेल. होय, मुसळी बी पडायच्या आधी खणली, काहून की व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती अन् घरात मीठ नव्हतं. होय, तेंदूचा कोवळा पाला यावा म्हणून फुटवा काढतात, अन् त्यासाठी आगी लागतात. आगीत मोहाची रोपटी जळतात, पाखरांची अंडी जळतात. हे आपल्या हातानं झालं आहे.

पण हे का झालं ते बी समजून घ्या. ज्या जंगलावर आपला हक्क नाही, ज्यात आपण चोर, त्यात उद्याचा विचार कोण करेल? चोर तर हाताला येईल ते घेऊन पळतेच. दीडशे वर्षं आपल्याला आपल्याच जंगलात चोर ठरवलं, अन् आता विचारतात की तुम्ही राखलं का नाही.

जिथं हक्क हातात आला तिथं काय झालं ते बघा. धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव सगळ्यांना माहीत आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारं गाव. 2009 मध्ये त्यांना साधारण अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचं पासबुक ग्रामसभेच्या हातात आलं. ते आजही जंगल राखून आहेत, विकून खाल्लं नाही.

दुसरं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. लहानसं गाव. 2012 मध्ये एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनी काय केलं? तेंदूपत्ता बंद केला! तेंदूसाठी झाडं छाटावी लागतात, आगी लागतात, अन् टेंभराची फळं जातात, म्हणून ग्रामसभेनं तो पैसा सोडला. बांबू विकून गावाचं भागवतात. अन् आपल्या जंगलातला सगळ्यात चांगला तुकडा, 34 हेक्टर, त्यांनी पेनगेडा म्हणून राखला. पेन म्हणजे देव, गेडा म्हणजे जंगल. तिथलं काहीच काढायचं नाही.

आता हिशेब करा. एवढ्या मोठ्या खात्याचं वैभव सहा हेक्टर. एका लहान गावाचं 34 हेक्टर. तेही कुणी अध्यादेश काढला नाही, चौकीदार ठेवला नाही. जंगल राखायला कोण लायक, याचं उत्तर याच्यात आलं.

हे पत्रक आम्ही ऊर्जानगरात बसून लिहितो. आमच्यातले काही इथं ठेकेदाराकडं कामाला आहेत. समोर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 2920 मेगावॉटचं केंद्र आहे, अन् त्याला कोळसा लागतो. कोळसा जमिनीखाली, जमिनीवर जंगल. इथून जवळ, ताडोबाच्या बाजूला, लोहाऱ्याचं जंगल कोळशासाठी मागितलं होतं. चंद्रपूरचे लोक उठले, उपोषणं झाली, अन् 2009 मध्ये ते थांबलं. थांबवता येते, हे ध्यानात ठेवा.

अन् जिथं थांबलं नाही तिथं काय चालते? लांब समुद्रात ग्रेट निकोबार नावाचं बेट आहे. तिथं शोम्पेन राहतात, जेमतेम दोन-तीनशे लोक, अन् किनाऱ्याला निकोबारी. आपल्याला जसा मोह तसा त्यांना केवड्याच्या जातीचं एक फळ, तेच त्यांचं मोठं अन्न. त्या बेटावर अशी झाडं आहेत जी जगात दुसरीकडं उगवत नाहीत. तिथं बंदर, विमानतळ, शहर अन् वीज केंद्र करायला 2022 मध्ये मंजुरी दिली. 130 चौरस किलोमीटर जंगल जाणार. गॅलेथिया खाडीचं अभयारण्य, जिथं मोठी समुद्री कासवं अंडी घालायला येतात, ते आधीच 2021 मध्ये रद्द केलं. तिथल्या आदिवासी परिषदेनं दिलेली संमती परत घेतली, तरी काम पुढं. अन् तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं कुठं लावणार? हरियाणात! बेटावरचं पावसाचं जंगल तोडायचं अन् हजारो किलोमीटरवर कोरड्या मुलखात रोपं लावायची. त्या रोपाखाली शोम्पेनचं फळ येईल का? आपल्याकडं मोह तोडून साग लावतात, तिकडं बेट तोडून हरियाणा लावतात. डोकं एकच आहे.

गावकऱ्यांनो, आता गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांकडं सामूहिक वनहक्काचा कागद आहे. खूप गावांत तो पेटीत घडी करून ठेवला आहे. वनहक्क कायदा 2006 नुसता घेण्याचा कायदा नाही. कलम 3 मध्ये आपल्याला जंगल राखायचा, वाढवायचा हक्क दिला आहे. कलम 5 मध्ये ग्रामसभेला जंगल, जनावरं अन् जैवविविधता राखायचा अधिकार दिला आहे. तो आपण वापरला नाही तर पुढचा कूप पडेल, अन् आपण बांधावर उभं राहून बघू.

म्हणून आम्ही म्हणतो, येत्या ग्रामसभेत ही पाच कामं करा :

1) म्हाताऱ्या बायांना अन् पुजारी-वैदूंना समोर बसवा. पूर्वी होती अन् आता कमी झाली अशी झाडं, वेली, कंद लिहून काढा. नाव आधी गोंडीत किंवा माडियात, मंग मराठीत. 2002 च्या जैवविविधता कायद्यात याची नोंदवही ठेवायची सोय आहे. पण मुसळी, सर्पगंधा नेमकी कुठं आहे ती जागा त्या वहीत लिहू नका. ती गावाच्या तोंडात राहू द्या. कागद व्यापाऱ्याच्या हातात जाते.

2) नियम लावा. चाराची फांदी तोडायची नाही, फळ पिकल्यावरच काढायचं. मुसळीची पानं वाळून बी पडल्याशिवाय खणायचं नाही, अन् काही कंद जागेवर सोडायचे. दंड गावानं ठरवावा, अन् तो सरपंचालाही लागू.

3) पाचगावासारखा एक तुकडा पेनाच्या नावानं सोडा. लहान असला तरी चालेल, पण सगळ्यात चांगला असावा.

4) आपल्या हद्दीत झाडांवर खुणा पडल्या की लगेच ग्रामसभा भरवा. कार्य आयोजनेची प्रत लेखी मागा. संमतीशिवाय मिश्र जंगल कापायचं नाही, असा ठराव घ्या अन् पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

5) तेंदूवर मोकळेपणानं बोला. पाचगावानं सोडला म्हणून सगळ्यांनी एकदम सोडावा असं आम्ही म्हणत नाही, तेंदूच्या पैशावर खूप घरं चालतात. पण आग न लावता, मोठी झाडं न छाटता पत्ता काढता येते का, एवढं तरी यंदा करून बघा. फाल्गुनाच्या आत जाळरेषा काढा.

या कामात बायांना पुढं ठेवा. कंद कुठं आहे ते त्यांना माहीत, अन् व्यापाऱ्याला नाही म्हणायची हिंमतही त्यांच्यातच जास्त दिसली आहे.

सहा हेक्टरला पाटी लागली, लागू द्या. आपण बाकीचं राखू. ज्या गावात ही कामं होतील त्यांनी आम्हाला कळवा, पुढच्या अंकात लिहू. जिथं अडचण येईल तिथं बोलवा, आम्ही चालत येऊ.

जय सेवा! आमचं जंगल, आमची राखण!