बाळाचे पाय फेंगडे दिसतात?

अधारताल असो की अमरावती, बाळ पहिली पावले टाकू लागले की घरात हा विषय निघतोच. "पाय फेंगडे दिसतात गं, मालीश नीट झालेली नाही," असे आजी म्हणते आणि सूनबाई मनातून खट्टू होते.

खरे तर इथे कुणाचाच दोष नसतो. पहिली दोन वर्षे बहुतेक मुलांचे पाय धनुष्यासारखे बाकदारच असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलटे घडते. गुडघे एकमेकांना घासतात आणि घोटे दूर राहतात. ७-८ वर्षांपर्यंत पाय आपोआप सरळ होतात. मालिशीने बाळाला सुख वाटते, हाड मात्र सरळ होत नाही.

पण दोन वर्षांनंतरही बाक वाढत असेल, एकच पाय वाकडा असेल, मूल लंगडत असेल किंवा त्याची उंची खुंटली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. मनगटे रुंद वाटली तर मुडदुसाची शंका घ्यावी. ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस मात्र डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत. ते जास्त झाल्यास मूत्रपिंडांना अपाय होतो.

आणखी एक कारण जबलपूरकरांच्या अगदी शेजारचे आहे. मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावात अनेक मुलांचे गुडघे आत वळलेले आढळले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा दोष निघाला पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडचा. त्यांचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. आहारात कॅल्शियम कमी असले की या विषाचा जोर वाढतो. म्हणून गावकऱ्यांना सुरक्षित पाण्याबरोबरच चकोड्याची, म्हणजे आपल्या टाकळ्याची, भाजी खाण्याचा सल्ला देण्यात आला. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. लहान मुलांमध्ये सुधारणाही दिसली. वय वाढून हाडे पक्की झाली, की मग बहुधा शस्त्रक्रियाच उरते.

महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडचे पाणी आहे. ते चवीला वा रंगाला वेगळे लागत नाही आणि उकळल्यानेही शुद्ध होत नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिऊ नये. तेव्हा घरी बोअरचे किंवा हातपंपाचे पाणी येत असेल, तर ते प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या. बाळाच्या पायांना तेल लावण्याइतकेच तेही आईबाबांचे काम आहे.