फिट थांबली म्हणता, पण आठवणीचं काय?

"डॉक्टर, हे सोंग करतेत बगा. ऊस तोडायचं बरं ध्यानात राहतंय, अन् मुकादमानं सांगितलेला निरोप तेवढा इसरतेत. दुकानाला धाडलं तर काय आणायचं तेच इसरून मोकळ्या हातानं माघारी येतेत."

बीड जिल्ह्यातल्या एका गावाहून आलेली बाई आपल्या नवऱ्याविषयी सांगत होती. नवरा तिशीतला, ऊसतोड कामगार. तो मान खाली घालून बसला होता. चार वर्षं मी त्याला तपासत होतो. बहुतेक वेळा तो एकटाच यायचा आणि मी दर वेळी एकच प्रश्न विचारायचो, "फिट आली होती का?" तो "नाही" म्हणायचा, मी तीच गोळी पुन्हा लिहून द्यायचो. त्याच्या आठवणीबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आजचा लेख त्याच्या बाजूने आहे. तो थोडा तुमच्याविरुद्ध आहे, आणि बराचसा माझ्यासारख्या डॉक्टरांविरुद्ध.

ही फिट वेगळी असते

फिट म्हटलं की हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं हेच डोळ्यांसमोर येतं. पण मेंदूच्या कानाजवळच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून सुरू होणारी फिट बऱ्याचदा अशी दिसत नाही. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं. कधी विचित्र वास येतो, कधी 'हे सगळं आधी घडून गेलंय' असं वाटतं. मग माणूस एकटक बघत राहतो, हाकेला ओ देत नाही, ओठ चाटतो, काहीतरी चघळल्यासारखं करतो, हाताने कपडे चाळवतो. एक-दोन मिनिटांत सगळं संपतं. नंतर थोडा वेळ तो गोंधळलेला असतो.

गावात याला 'बाहेरचं' म्हणतात आणि देवऋषाकडे नेतात. शिकलेल्या घरात म्हणतात, 'तंद्री लागते त्याला.' दोन्हीकडे वर्षं वाया जातात.

मेंदूतला तलाठी

टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला हिपोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्याला मेंदूतला तलाठी समजा. दिवसभरात घडलेलं, ऐकलेलं, सांगितलेलं तो नोंदवून घेतो. तलाठ्याने फेरफारच घेतला नाही, तर सातबाऱ्यावर नाव कुठून येणार?

टेम्पोरल लोबच्या एपिलेप्सीत बिघाड बहुतेक वेळा याच भागात किंवा त्याच्या शेजारी असतो. अनेक रुग्णांच्या एमआरआयमध्ये हिपोकॅम्पस आक्रसलेला दिसतो. लहानपणी तापात खूप वेळ चाललेली झटक्यांची घटना काहींच्या बाबतीत विचारल्यावर कळते. बिघाड डाव्या बाजूला असेल तर बहुतेकांना शब्द, नावं, निरोप, ऐकलेली गोष्ट लक्षात ठेवायला जड जातं. बोलताना ऐनवेळी शब्द सापडत नाही. उजव्या बाजूला असेल तर काहींना चेहरे, वाटा, जागा आठवत नाहीत.

यात एक फसवी गोष्ट आहे. काहींना सांगितलेलं अर्ध्या तासाने नीट आठवतं, पण आठवड्याने पार पुसलं जातं. दवाखान्यातल्या दहा मिनिटांच्या तपासणीत असा माणूस पास होतो. घरी आल्यावर मात्र त्याला लग्नाला गेल्याचं आठवत नाही, आणि आपण म्हणतो, "सोंग करतोय."

मग ऊस तोडायचं कसं आठवतं?

त्या बाईचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका माणसाने आपल्या आयुष्याची किंमत देऊन जगाला दिलं आहे. हेन्री मोलेसन हे त्याचं नाव. १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, आवरत नसलेल्या फिटसाठी डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. फिट कमी झाल्या. पण त्या दिवसानंतर भेटलेला माणूस, खाल्लेलं जेवण, ऐकलेली बातमी यातलं त्याला काही लक्षात राहिना. २००८ साली मृत्यू होईपर्यंत तो असाच जगला.

डॉ. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं होतं : आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. रोज सरावाने त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणे की हे काम मी आयुष्यात पहिल्यांदाच करतोय!

म्हणजे हाताचं कसब एकीकडे साठतं आणि घटनेची नोंद दुसरीकडे. कोयता चालवायचं हात विसरत नाहीत, सायकल पाय विसरत नाहीत. मुकादमाने सकाळी दिलेला निरोप मात्र तलाठ्याकडे जातो, आणि तलाठीच आजारी आहे. 'कामाचं बरं आठवतं' हा सोंगाचा पुरावा नव्हे. या आजाराचं चित्र असंच असतं.

"गोळ्यांनीच डोकं बधिर झालं"

हे मी रोज ऐकतो. यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं आहे. फेनोबार्बिटोनने सुस्ती येते आणि विचार मंदावतो. टोपिरामेटने काहींना शब्द सापडत नाहीत. एकाच वेळी तीन-तीन औषधं चालू असतील तर त्रास वाढतो. हे आम्ही डॉक्टरांनी मान्य करायला हवं आणि औषध बदलायचा विचार करायला हवा.

पण उरलेलं अर्धंही ऐका. पहिली गोळी घेण्याआधी तपासलेल्या नव्या रुग्णांतही आठवणीच्या अडचणी सापडल्या आहेत. म्हणजे सगळा दोष गोळीचा नाही. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या तर फिट थांबायचं नाव घेत नाही, आणि लांबलेली फिट मेंदूचं कायमचं नुकसान करू शकते, जीवही घेऊ शकते. डोकं बधिर वाटतंय तर डॉक्टरशी भांडा, पण गोळी सोडू नका.

याखेरीज उदासपणा, चिंता, अपुरी झोप यांनीही आठवण ढासळते. या रुग्णांत उदासपणा पुष्कळ आढळतो, आणि त्यावर उपचार आहेत.

आम्हा डॉक्टरांचा हिशेब चुकतो

विचार करा, ज्या माणसाला फिटमध्ये भान नसतं आणि नंतर आठवत नाही, त्यालाच आम्ही विचारतो, "किती फिट आल्या?" आणि त्याच्या उत्तरावर औषध ठरवतो! माझ्या त्या रुग्णाच्या बायकोला मी एकटक बघण्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते तर आठवड्याला होतंय की. मला वाटलं दमून बसतेत." चार वर्षं मी कागदावर 'फिट नाही' लिहीत होतो.

ओपीडीत शंभर माणसं असतात, वेळ कुठून आणायचा, असं माझे सहकारी विचारतील. गर्दी खरी आहे. पण आणखी दोन प्रश्नांना अर्धा मिनिट लागतो : सोबतच्या माणसाला 'हे एकटक बघत राहतात का?' आणि दोघांनाही 'विसरणं वाढलंय का?' ज्याचं उत्तर 'हो' येईल त्याची सविस्तर तपासणी त्याच्याच बोलीत व्हावी. शाळा न पाहिलेल्या माणसाला पुस्तकी शब्दांची यादी पाठ करायला लावून त्याची आठवण मोजता येत नाही.

दोन योग्य औषधं योग्य प्रमाणात देऊनही फिट थांबत नसतील, तर तिसरं, चौथं औषध देत बसण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या मोठ्या केंद्रात पाठवायला हवं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८० रुग्णांची तुलना केली होती. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, फक्त औषधांच्या गटात ८ टक्के. शस्त्रक्रियेनेही आठवण कमी होऊ शकते, विशेषतः डाव्या बाजूला. म्हणूनच आज आधी आठवणीची तपासणी करतात. मोलेसनच्या उदाहरणातून वैद्यकशास्त्र हेच शिकलं.

शाळा, सासर आणि फड

वर्गात एकटक बघणाऱ्या, काल पाठ केलेलं आज विसरणाऱ्या मुलाला आपण 'ढ' म्हणतो आणि मागच्या बाकावर बसवतो. माझा रुग्ण पाचवीपासून ढ होता. त्याची बुद्धी ठीक होती, नोंद होत नव्हती. गुरुजी, अशा मुलाला छडी नको. त्याला लिहून द्या, पुन्हा सांगा आणि पालकांना दवाखान्यात पाठवा.

लग्नात आजार लपवला जातो आणि सासरी गोळ्याही लपवल्या जातात. चुकलेल्या गोळीतून फिट येते. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख काढून टाकला. कायद्याला जे मान्य झालं ते आपल्या बैठकीत अजून मान्य होत नाही. आणखी एक : मूल होण्याच्या वयातल्या मुलीला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गर्भधारणेआधीच डॉक्टरांशी बोला. त्याने बाळात व्यंग येऊ शकतं आणि बाळाच्या बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो. तरीही गोळी अचानक बंद करायची नाही.

आणि फड. आपल्या जिल्ह्यातली माणसं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परततात उन्हाळ्यात. पाच-सहा महिन्यांचा हंगाम आणि हातात महिन्याची चिठ्ठी. गोळ्या संपतात, पहाटेच्या तोडीने झोप मोडते, खाडा परवडत नाही म्हणून दवाखाना होत नाही. मग फिट येतात आणि आठवण आणखी खालावते. हंगामाला निघणाऱ्या रुग्णाला जास्त दिवसांची औषधं मिळायला हवीत, आणि कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात तीच गोळी पुढे चालू व्हायला हवी. ही मेहेरबानी नाही. मधुमेहाच्या रुग्णाला आपण जे सहज देऊ, तेच हे आहे.

तुम्ही काय कराल?

* दवाखान्यात रुग्णाला एकटं पाठवू नका. फिट बघणारा माणूस सोबत हवा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या.
* फिटची तारीख कॅलेंडरवर लिहा. 'एकटक बघणं' हीसुद्धा फिट म्हणून मोजा.
* विसरण्याची दोन-तीन खरी उदाहरणं डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.
* निरोप तोंडी नको. लिहून द्या. वाचता येत नसेल तर मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवा.
* गोळ्यांसाठी वारांची डबी आणि मोबाइलचा गजर. 'घेतली का?' विचारण्यापेक्षा डबी बघा.
* बाहेरगावी निघताना चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

माझ्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये डावा हिपोकॅम्पस आक्रसलेला निघाला. फेनोबार्बिटोन हळूहळू कमी करून दुसरं औषध बसवलं. एकटक बघणं पुष्कळ कमी झालं. तो अजूनही विसरतो आणि पुढेही काही प्रमाणात विसरेल. पण मागच्या खेपेला बायको त्याच्या खिशात यादी ठेवून आली होती. "आता सोंग म्हणत न्हाई मी," ती म्हणाली.

हे वाक्य ऐकायला त्याला वीस वर्षं लागली. तुमच्या घरात, वर्गात किंवा टोळीत असा कोणी असेल, तर त्याला इतका वेळ लावू नका.