मोडेल ते स्वस्त, उरेल ते चांगलं

शाळांच्या परीक्षा संपल्या की एक प्रश्न हमखास कानावर येतो. घरातल्या मुलानं किंवा मुलीनं मोबाइलवर रिमोटची विमानं गिरक्या घेताना पाहिलेली असतात, हट्ट सुरू झालेला असतो, आणि आई किंवा वडील विचारतात, "हे सुरू करायचं म्हणजे खर्च किती?" आकड्यापेक्षा त्यांना वेगळीच धास्ती असते. घेतलं आणि पहिल्याच दिवशी झाडावर आपटलं तर?

आपटणारच. नवशिक्याचं विमान पडतं, आणि बहुधा पहिल्याच सकाळी पडतं. म्हणून या छंदाचा हिशेब विमानाच्या किमतीपासून मांडला की चुकतो. तो पडण्यापासून मांडावा. पडल्यावर जे मोडतं त्यावर कमीत कमी पैसे घालायचे आणि पडूनही जे शाबूत राहतं त्यावर खिशाला झेपेल तेवढे. एवढं एक सूत्र धरलं तर मध्यमवर्गीय घराला हा छंद परवडतो, असं मी खात्रीनं सांगतो.

बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत फोमचं एक देखणं विमान मिळतं, खोक्यात रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं. यातल्या स्वस्त विमानांना हलणारी शेपूटसुद्धा नसते. दोन पंखांवरच्या दोन छोट्या मोटरी कमीजास्त फिरवून ते वळतं. वाऱ्याची झुळूक आली की ते वाऱ्याचं होतं. शिवाय रिसीव्हर आणि मोटरींचं नियंत्रण एकाच इवल्या सर्किट बोर्डावर असतं. तो गेला की सुटा भाग मिळत नाही, आणि उरलेला रिमोट दुसऱ्या कुठल्याच विमानाला चालत नाही. अडीच हजार गेले, हातात पुढच्या विमानाला लागणारी एकही वस्तू नाही, आणि मूल मात्र ‘मला जमत नाही’ असं ठरवून मोकळं झालं. मला वाईट वाटतं ते या शेवटच्या गोष्टीचं.

आता खरा हिशेब. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण अंदाज असा. सहा चॅनेलचा ट्रान्समीटर रिसीव्हरसकट साधारण पाच हजारांना पडतो. फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा आपल्याकडच्या बऱ्याच शिकाऊ मुलांच्या हाती दिसतो, तो याच पट्ट्यातला. ए२२१२ नावाची ब्रशलेस मोटर आणि तिला लागणारा तीस अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, दोन्ही मिळून हजाराच्या आसपास. पंखांचे आणि शेपटीचे पडदे हलवणारे नऊ ग्रॅमचे सर्वो शे-सव्वाशेला एक, असे चार. तीन सेलची २२०० एमएएच लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी दीड-दोन हजार. बरा बॅलन्स चार्जर दोन हजार. प्रॉपेलर, कनेक्टर, वायरी, श्रिंक ट्यूब धरून पाचशे. आणि विमान? ते घरी केलं तर पाचशे-सहाशे रुपये. सगळं मिळून बारा हजारांच्या आत-बाहेर. त्यातलं मोडणारं सामान, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि प्रॉपेलर, हजारभराचं. बाकीचं पुढच्या विमानात जातं, त्याच्या पुढच्यातही जातं.

बारा हजार ही लहान रक्कम नाही, हे मला ठाऊक आहे. पण एका दमात ती घालायचीच नाही. आधी ट्रान्समीटर घ्यावा आणि काहीशे रुपयांची यूएसबी केबल घेऊन तो कॉम्प्युटरला जोडावा. पिकासिमसारखा सिम्युलेटर फुकट मिळतो. महिनाभर रोज थोडा वेळ त्यावरच उडवावं. कारण शिकायची खरी अडचण दिशेची असते. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा उजवं ते उजवंच. तेच आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की दांडी उजवीकडे ढकलली तर ते आपल्या डाव्या हाताला वळतं. या गोंधळात हात विचार करत बसला की तेवढ्यात जमीन येते. जुनी मंडळी एक साधी खूण सांगतात : समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला दांडी ढकलायची, पंख वर येतो. ही खूण बोटांत मुरायला पडद्यावर पन्नास विमानं फुटली तरी खर्च शून्य. सिम्युलेटर टाळून थेट मैदानावर जाणाऱ्याचे पैसे प्रॉपेलर, सर्वो आणि मोटरीच्या वाकलेल्या शाफ्टमध्ये जातात.

विमान घरी करण्याविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण या छंदाचा जीव मला तिथे दिसतो. प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो कागद चढवलेला, पाच मिलिमीटर जाडीचा फोम बोर्ड घ्यावा. सनबोर्ड म्हणून मिळतो तो पीव्हीसीचा, फार जड. फलकांसाठी वापरतात ती पोकळ नळ्यांची सनपॅक शीट चिवट असते, पण तीही फोमपेक्षा भारी. तिचे तुकडे नाकाला किंवा पोटाला मजबुती द्यायला उत्तम. अमेरिकेतल्या फ्लाइट टेस्ट या गटानं फोम बोर्डाच्या विमानांचे नकाशे जगाला फुकट वाटले. ते ए-फोरच्या कागदांवर छापून, चिकटवून, बोर्डावर ठेवून कटरनं कापता येतात. बोर्डाचा एका बाजूचा कागद आणि फोम कापायचा, दुसऱ्या बाजूचा कागद तसाच ठेवायचा, की तीच बिजागरी होते. पंखात आधाराला बांबूच्या काड्या. सर्वोपासून शेपटीपर्यंत जाणारी तार म्हणून सायकलचा आरा चालतो. पक्कडीनं त्याच्या टोकाला झेडसारखा वाक दिला की तो सर्वोच्या भोकात घट्ट बसतो. जोडायला ग्लू गन. फेव्हिक्विक मात्र फोमला लावू नये. उघड्या फोमला ते खात जातं आणि डोळ्यांदेखत खड्डा पडतो.

मग येतो तोल. पंखाची रुंदी मोजायची आणि पुढच्या कडेपासून तिच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचलायचं. ते सपाट राहिलं किंवा नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. इथे एक पैसा लागत नाही, आणि पहिल्या उड्डाणात मोडणारी कितीतरी विमानं इथेच वाचतात. आठवी-नववीतल्या मुलीला गुरुत्वमध्य असा बोटांवर तोलताना पाहिलं की विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा तिला पुन्हा पाठ करावा लागणार नाही, याची खात्री पटते.

पुढची पिढी हे सगळं गृहीत धरेल, म्हणून आधीचं थोडं सांगायला हवं. एके काळी आपल्याकडे हा छंद म्हणजे एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट, काही महाविद्यालयं आणि मोजकी हौशी मंडळी एवढाच होता. हलकं बाल्सा लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून यायचं. कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरची ऑरोरा डिझेल इंजिनं वापरली जायची. त्या इंजिनाचं इंधन म्हणजे इथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण, आणि सुरू करायचं ते प्रॉपेलरवर बोटानं फटका मारून. रेडिओ तर श्रीमंतांनीच घ्यावा. त्यात ठरावीक लहरींचे क्रिस्टल असत. मैदानावर दोघांचा चॅनेल एक निघाला आणि दोघांनी एकदम बटण दाबलं की एकाचं विमान गेलंच. आज २.४ गिगाहर्ट्झवर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांशी जोडले जातात आणि शेजारी चौघे उडवत असले तरी अडत नाही. लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटरी स्वस्त झाल्या आणि दार उघडलं. लाकूड, ग्लो इंजिन, पेट्रोल इंजिन हे सगळं अजून आहे, आणि खऱ्या टर्बाइनवर उडणारी जेट मॉडेलंही आहेत, त्यांचा हिशेब लाखांत जातो. सुरुवात करणाऱ्यानं तिकडे बघून घाबरू नये.

कुठे काटकसर करू नये, तेही सांगतो. चार्जर आणि बॅटरी. लायपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. साडेतीनच्या खाली उतरेपर्यंत उडवत राहिलं की ती लवकर बाद होते, फुगते. फुगलेली, चिरडलेली किंवा चुकीच्या चार्जरवर लावलेली लायपो पेट घेऊ शकते. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर भरली की साधारण तासाभरात होते. तो तासभर कुणीतरी घरात जागं आणि जवळ असावं, रात्री लावून झोपू नये. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी. छंद सोडलेल्या माणसाकडून जुना ट्रान्समीटर निम्म्या भावात मिळाला तर जरूर घ्यावा, जुनी बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नये. परदेशातून तयार विमान मागवण्याचा मोह होतो, पण खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. त्या वर्गात विमान धरलं गेलं तर स्वस्त म्हणून मागवलेलं विमान महाग पडतं.

आणि जागा. या छंदातली आज सर्वांत महाग वस्तू तीच आहे, कारण पैसे देऊनही ती मिळत नाही. शहरातली मैदानं आक्रसली, उरली त्यांवर क्रिकेटचे सात डाव एकाच वेळी चालू. माणसांच्या डोक्यावरून सहाशे-सातशे ग्रॅमची, फिरत्या पात्याची वस्तू नेणं हा गुन्हाच समजावा. त्यामुळे गावाबाहेरचं रान शोधावं लागतं. रब्बीची ज्वारी काढलेलं रान मोकळं दिसतं, पण त्यातली धसकटं फोमचं पोट फाडतात. गवताचा माळ किंवा भातकापणीनंतरची कोकणातली खाचरं बरी. मालकाला आधी विचारावं. बहुतेक शेतकरी हो म्हणतात आणि स्वतः बघायला येऊन बांधावर बसतात. वेळ सकाळची, उन्हं चढायच्या आत. नऊनंतर वारा उठला की शिकणाऱ्यानं बॅटरी काढून ठेवावी.

कायदाही जागेशीच बांधलेला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन आणि मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही. दोन किलोपर्यंतचं यान व्यवसायासाठी नसेल तर वैमानिक परवानाही लागत नाही. मात्र सरकारी नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात उंची ४०० फुटांपर्यंतच, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. पुण्यात लोहगाव, मुंबईत सांताक्रूझ, म्हणजे या शहरांतल्या किती घरांच्या गच्चीवरून हे करता येणार नाही, याचा अंदाज येईल. उडवण्याआधी तो नकाशा बघावा आणि नोंदणीचे चालू नियमही.

म्हणूनच मला वाटतं की हा छंद एकेका घरानं वेगवेगळा सुरू करू नये. फ्लाइट टेस्टच्या नकाशांत एक फार शहाणी सोय आहे : मोटर आणि ईएससी एका छोट्या खोक्यात बसवलेले असतात, आणि ते खोकं दोन काड्या काढून एका विमानातून दुसऱ्यात घालता येतं. रिसीव्हर आणि बॅटरीही हलवता येतात. एफएस-आय६ मध्ये वीस विमानांच्या जुळण्या साठवता येतात. म्हणजे सोसायटीतली किंवा एका वर्गातली पाच मुलं एकत्र आली, तर ट्रान्समीटर, चार्जर आणि मोटरीचं खोकं सगळ्यांचं मिळून एक, बॅटऱ्या दोन, आणि प्रत्येकाचं आपापलं विमान, आपापल्या सर्वोंसह. बेरीज अठरा हजारांच्या आसपास, माणशी साडेतीन हजार. एक उडवत असताना चार जण बघतात आणि बघतानाच शिकतात. कुठल्या पंखाचा कोन चुकलाय, हे उडवणाऱ्याच्या आधी बघणाऱ्याला दिसतं. शाळांनी हे करावं, गावच्या वाचनालयांनी करावं. गणेश मंडळांकडे वर्गणीही आहे, मुलंही आहेत आणि थर्माकोल कापायला शिकलेले हातही आहेत. एक मंडळ असं सामान घेऊन बसलं तर दरवर्षी नवी पाच मुलं त्यावर शिकतील. मंडळाला त्या वर्षी घालावे लागतील ते फोम बोर्डाचे, प्रॉपेलरचे आणि फार तर एका नव्या बॅटरीचे पैसे.