नाक्यापलीकडची बार्शी

१५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८. हे तेरा महिने बार्शी स्वतंत्र भारतात होती आणि धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मधलं अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं. तिकडं तिरंगा फडकत होता, इकडं तो लावणाऱ्याला तुरुंग होता. संस्थानातल्या स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली तीही त्याच १५ ऑगस्टला. आमच्या जिल्ह्यातला माणूस त्या वर्षी बार्शीला निघाला की तो एका देशातून दुसऱ्या देशात जात होता.

हे मी शाळेत शिकलो होतो. गेल्या रविवारी ते आत्याकडून ऐकलं, चालत्या गाडीत. बार्शीला जायचं ठरलेलं नव्हतं. सकाळच्या चहाला आत्या म्हणाली, "भगवंताला जाऊन लई दिस झाले बघ." ती आता नव्वदीकडं झुकली आहे. या वयाच्या माणसानं सहज काढलेली इच्छा पुढच्या आठवड्यावर ढकलू नये, असं मला वाटतं. बायकोनं दशम्या आणि शेंगाचटणी बांधून घेतली, मुलं मागच्या सीटवर चढली आणि आम्ही निघालो.

येडशीपर्यंत आत्या गप्प होती. रामलिंगाच्या घाटातली झाडी बघत बसली. येडशी सोडून बार्शीच्या रस्त्याला लागलो तशी ती पुढं सरकली. "नाका हितंच कुठंतरी होता. करोडगिरीचा." मी गाडी हळू केली. दोन्हीकडं सोयाबीन, एक ढाबा, पुढं सोलापूर जिल्हा सुरू झाल्याची पाटी. जागा तिला सापडली नाही. रस्ता रुंद झाला, जुनी झाडं गेली. ढाब्यावर विचारलं, तिथल्या पोरांना नाका म्हटल्यावर टोलनाका आठवला.

करोडगिरी हे निजामाचं जकात खातं. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर ते कर घ्यायचं. आत्याचं आजोळ बार्शीचं, म्हणजे तिची आई इंग्रजी मुलखातून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, नांदायला आलेली. माहेरी मिळालेलं नवं लुगडं ती परतताना घडी मोडून अंगावर नेसूनच यायची, म्हणजे नाक्यावर ते नवं ठरत नसे. पैशांचंही तसंच. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. माझी ही आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण हा हिशेब ती चुटकीसरशी करायची, कारण बार्शीच्या बाजारात तो रोज लागायचा. आमच्याकडचा कापूस, ज्वारी, तूर बार्शीच्या आडतीवर जायची. इकडं कचेरी उर्दूत चालायची, सरकारी साल फसली होतं. पेठ आणि देवदर्शन मात्र बार्शी-पंढरपूरचं. लातूर, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर असं सगळं एका सुतात ओवणारी बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी रुळांवर धावायची. बार्शी-कुर्डुवाडी हा तिचा पहिला टप्पा १८९७ चा, लातूरला ती १९११ मध्ये पोचली. आषाढीला मोगलाईतले वारकरी तिनं इंग्रजी राज्यात जायचे आणि काल्यानंतर परत यायचे. दोन राज्यं होती, पण सोयरिक, शेत आणि देव यांची वाटणी कुणी केली नव्हती. दोन्ही बाजूंना तीच मराठी, तेच सण.

म्हणून १९४८ ची गोष्ट फार लागते. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी वकिली करायचा ती लातुरात, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. भारत सरकारनं संस्थानाची आर्थिक कोंडी केली, मीठ-रॉकेल मिळेना. सरहद्दीपलीकडच्या गावांत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. मधल्या गावांना दोन्हीकडची झळ बसली. आत्याचं कुटुंब एका रात्री बैलगाडीतून निघालं. बैलांच्या घुंगरमाळा आजोबांनी काढून ठेवल्या होत्या. पोरांना सांगितलं होतं, खोकला आला तर पदर तोंडात धरायचा. पहाटे बार्शीला मामाच्या दारात उतरले. मामीनं आधी चूल पेटवली, मग विचारपूस केली.

अशी किती घरं त्या वर्षी बार्शीत, सोलापुरात आली असतील! त्यांना राहायला जागा दिली ती सोयऱ्याधायऱ्यांनी. एका घरात चार-चार चुली. त्या घरांची नोंद कुठं आहे? मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण पुढाऱ्यांचा आणि लष्कराचा सांगतो. १३ सप्टेंबरला सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजा नळदुर्गात शिरल्या, त्यांचे प्रमुख मेजर जनरल चौधरी होते, पाचव्या दिवशी निजाम शरण आला. हे सांगायलाच हवं. पण आसऱ्याला आलेली माणसं महिनोन्‌महिने सांभाळणाऱ्या बार्शीकर मामीचा त्यात एक परिच्छेद असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि आणखी एक गोष्ट असायला हवी. ती आत्यानं बार्शीत, भगवंताच्या देवळातल्या ओवरीत बसून सांगितली. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे त्या लष्करी कारवाईनंतर, ती गावी परतली तेव्हा शेजारचं पिंजाऱ्याचं घर रिकामं होतं. त्या घरातली तिची मैत्रीण पुन्हा कधी दिसली नाही. कुठं गेली, हे आत्याच्या आईवडिलांनी सांगितलं नाही, आत्यानंही पुढं विचारलं नाही. त्या सप्टेंबरनंतर मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं त्याची चौकशी करायला केंद्रानं पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती. सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून तिनं जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल पुढं कितीतरी वर्षं लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेही खरं. त्या पिंजाऱ्यानं कुणाचं काय केलं होतं? गावातल्या गाद्या भरायचा तो.

मुलं आधी देवळाच्या आवारात पळत होती. हे ऐकताना जवळ येऊन बसली. धाकट्यानं विचारलं, "मग आपण आत्ता कुठल्या देशात आहोत?" आत्या म्हणाली, "आपल्याच." मग तिनं दशमी मोडून त्याच्या हातात दिली.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात जिल्ह्याजिल्ह्यांत ध्वजवंदन होतं, भाषणं होतात. त्याच्याबरोबर एक काम करता येईल. धाराशिव-बार्शी, तुळजापूर-सोलापूर अशा ज्या ज्या वाटेवर जुनी हद्द होती, तिथं एक साधा दगड बसवावा आणि त्यावर लिहावं की इथं करोडगिरीचा नाका होता, इथून कोण कशासाठी गेलं. त्याला फार खर्च नाही. जागा सांगू शकतील अशी माणसं मात्र आता थोडी उरली आहेत, आणि जी आहेत त्यांनाही जागा सापडेनाशी झाली आहे. शाळांनी नववी-दहावीच्या मुलांना सरहद्दीवरच्या गावांत पाठवावं. म्हाताऱ्यांना काय विचारायचं हे मुलांना बरोबर कळतं. नाक्यावर शिपाई काय घालायचा, कलदार कसा दिसायचा, भीती वाटायची का, हे प्रश्न माझ्या मुलीनं विचारले, मला सुचले नव्हते.

परतीच्या वाटेवर तिनं आत्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. येडशीच्या अलीकडं बॅटरी संपली. बार्शीहून आलेलं एक वऱ्हाड नाक्यावर अडकून मुहूर्त टळला, ती हकिगत अर्धीच राहिली. येत्या रविवारी ती पुढं ऐकायची आहे.